लहान लक्झरी एसयूव्ही आतून कशी पारखावी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडीच्या सीटची गादी, शिवण आणि आतले अस्तर यांची दुरुस्ती हे आमचे काम आहे. बीएमडब्ल्यू एक्स१, ऑडी क्यू३ किंवा मर्सिडीज जीएलए यांसारखी गाडी घेतल्यावर दोन-चार महिन्यांत काही ग्राहक आमच्याकडे ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांतल्या बऱ्याचशा खरेदीपूर्वी अर्धा तास गाडीत बसले असते तर तिथेच लक्षात आल्या असत्या. म्हणून हे पत्रक.

शोरूम कोल्हापुरात असो वा पुण्यात, तिथे तुम्हाला प्रथम चालकाच्या सीटवर बसवतात, स्क्रीन आणि रंगीत दिवे दाखवतात. आमची विनंती अशी, की आधी मागे बसावे. पुढची सीट आपल्या उंचीला हवी तशी लावून, मग तिच्याच मागे स्वतः बसून गुडघ्यासमोर किती जागा उरते ते पाहावे. चार बोटे उरली तर सांगली-पुणे प्रवास सुखाचा होईल. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मांडीचा आधार. या गाड्यांची लांबी साधारण साडेचार मीटरच असल्याने जागा जास्त भासावी म्हणून मागच्या सीटची बैठक आखूड किंवा खालच्या पातळीवर ठेवलेली असू शकते, आणि मग गुडघे वर येऊन मांड्या अधांतरी राहतात. दहा मिनिटांत हे जाणवत नाही. पेठ नाका ओलांडून कराड येईपर्यंत मात्र कंबर बोलू लागते. घरातील ज्येष्ठ मंडळींना सोबत न्यावे आणि त्यांना दोनदा चढायला-उतरायला सांगावे. उंबऱ्याची पट्टी रुंद असेल तर पावसाळ्यात साडीचा काठ आणि पँटचा पाय रोज चिखलाला लागतो, हे माहितीपुस्तिकेत कुठेही छापलेले नसते.

पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतराच्या आकड्यावर विसंबू नये. एक्स१ मध्ये ते २,६९२ मिलिमीटर, दुसऱ्या पिढीच्या क्यू३ मध्ये २,६८० आणि जीएलएमध्ये २,७२९ आहे, म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत जेमतेम पाच सेंटिमीटरचा फरक. जागा ठरते ती इंजिन, सीट आणि पाठ यांच्या मांडणीवर. २००९ च्या पहिल्या एक्स१ मध्ये इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलेले होते, २०१५ च्या दुसऱ्या पिढीत ते आडवे झाले आणि मागच्या प्रवाशांना लक्षणीय जागा मिळाली. क्यू३ ची मागची सीट पुढे-मागे सरकते. मुलांची सीट थोडी पुढे सरकवून डिकी मोठी करायची असेल, तर तासगावहून बेदाण्याच्या पेट्या आणणाऱ्या घराला ही सोय खरोखर उपयोगी आहे. मात्र या गाड्यांत मागे मधल्या जागेवर तिसरा मोठा माणूस बसवू नये, कारण पायाशी तळाच्या मधोमध बोगद्यासारखा उंचवटा येतो. सुटे चाक डिकीत कुठे आणि कसे ठेवले आहे, तेही झाकण उचलून पाहावे.

सीटच्या आवरणाविषयी आम्हाला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. या वर्गातील अनेक गाड्यांमधील ‘लेदर’ हे कातडे नसून कृत्रिम असते. मर्सिडीज त्याला ‘आर्टिको’ म्हणते, बीएमडब्ल्यू ‘व्हेगान्झा’. हे आपल्या ओळखीच्या रेक्झिनचेच बरेच सुधारलेले रूप आहे आणि त्यात कमीपणा काही नाही, उलट ते पुसायला सोपे असते आणि लवकर भेगाळत नाही. जिथे खरे कातडे असते, तिथेही ते बहुधा अंगाला लागणाऱ्या भागापुरतेच असते, बाजू आणि पाठीमागचा भाग कृत्रिम असतो. म्हणून कोणत्या भागाला काय लावले आहे, ते विचारून लिहून घ्यावे. रंगाबाबत आमचे मत स्पष्ट आहे: मार्केट यार्डात बसणाऱ्या हळदीच्या व्यापाऱ्याने फिकट बदामी सीट घेऊ नये. हळदीचा डाग उन्हात हळूहळू फिका पडतो हे खरे, पण शिवणीच्या दोऱ्यात शिरलेली हळद आम्हालाही पूर्णपणे काढता येत नाही.

दाराचा वरचा भाग मऊ आणि खालचा कडक असणे सर्वत्र चालते, त्यामुळे त्यावरून गाडी नाकारू नये. चकचकीत काळ्या पट्ट्या मात्र पुसण्याच्या फडक्यानेही ओरखडतात. काचेचे मोठे छत असेल तर डोक्यावरची जागा कमी होते, आणि त्याच्या कोपऱ्यांतील पाणी खांबांतून खाली नेणाऱ्या बारीक नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या, की पाणी छताच्या अस्तरात उतरते. एसी सध्याच्या एक्स१ मध्ये स्क्रीनवरून चालवावा लागतो, तर दुसऱ्या पिढीच्या क्यू३ मध्ये आणि जीएलएमध्ये त्यासाठी वेगळी बटणे आहेत. आमच्या मते बटणे बरी, कारण त्यांवर नजर रोखावी लागत नाही.

वापरलेली गाडी घेत असाल तर

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. अशा पुरात बुडालेल्या गाड्या दुरुस्त होऊन दूरच्या गावी विकल्या जातात, आणि दूरच्या गावच्या आपल्याकडे येतात. पॉलिश केलेल्या सीटकडे पाहून काही कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेषा आहे का ते पाहावे, सीटखालील रुळांचे स्क्रू गंजलेत का ते टॉर्चने तपासावे, सुट्या चाकाच्या खळग्यात हात फिरवावा आणि उंबऱ्याची पट्टी काढायला लावून गालिच्याखालचा स्पंजासारखा थर दाबून ओल आहे का ते पाहावे. गाडीत अत्तराचा वास फार असेल तर काचा बंद करून उन्हात अर्धा तास उभी करावी आणि मग आत कुबट वास येतो का ते पाहावे. या गाड्यांच्या सीटखाली आणि गालिच्याखाली वायरींची जोडणी असते. एअरबॅगचे जोड सामान्यतः पिवळे असतात आणि त्यांवर हिरवट गंज दिसला तर किंमत कितीही उतरली तरी व्यवहार करू नये.

शेवटी आमच्या धंद्याविरुद्ध जाणारी एक सूचना. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर वरून घट्ट सीटकव्हर चढवू नये, कारण ती बाहेर फुटायची शिवण त्याखाली अडते. हवेशीर सीटची भोकेही बुजतात. अशी कव्हरे आम्ही बसवून देत नाही. खरेदीपूर्व तपासणीसाठी गाडी आणताना ती धुऊन किंवा आतून पॉलिश करून आणू नये. जशी वापरात आहे तशीच, पायपुसणी न काढता आणावी.