नव्या भुईमुगाच्या वाट्याला तीस पावसाळे

इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर त्याच नाशिक जिल्ह्यातल्या येवला-नांदगावला ५००-६००वर भागवावं लागतं. अशा जिल्ह्यात भुईमुगाच्या नव्या वाणाची कुणी वाखाणणी केली, की लगेच विचारावंसं वाटतं: कुठे पिकला, कसल्या जमिनीत आणि कोणत्या साली?

नवे वाण घडवणाऱ्या पैदासकारांची खरी अडचण इथेच आहे. संकर केल्यावर पिढ्यान्‌पिढ्या निवड करत काही वंश हाती लागतात. त्यात बरीच वर्षं जातात, मग ठिकठिकाणी चाचण्या होतात. पण त्या चाचण्या मोजक्याच हंगामांच्या असतात. तेवढ्या सालांत पावसाने साथ दिली, तर पाण्याला हावरा वंशही पुढे निघून जातो. ऑगस्टच्या खंडात तग धरणाऱ्या वंशाला मात्र आपला गुण दाखवायची वेळच येत नाही.

ती वेळ संगणकावर आणता येते. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात भुईमुगाच्या वाढीचं मॉडेल तयार केलं. आज ते ‘क्रॉपग्रो-पीनट’ या नावाने ‘डीएसएसएटी’ या, वेगवेगळ्या पिकांच्या वाढीची मॉडेलं एकत्र असलेल्या संगणक प्रणालीत मोफत मिळतं. त्याला रोजचं कमाल-किमान तापमान, ऊन आणि पाऊस द्यायचा, जमिनीची खोली आणि ओल धरण्याची ताकद सांगायची. पानांनी आज किती अन्न तयार केलं, मुळांनी किती पाणी ओढलं, मातीत किती ओल उरली, अन्नातला किती वाटा शेंगांना गेला, हा हिशेब ते पेरणीपासून काढणीपर्यंत रोज मांडतं.

वंशावंशातला फरक त्याला काही आकड्यांतून कळतो, त्यांना जनुकीय गुणांक म्हणतात. उगवणीपासून पहिल्या फुलापर्यंतचा काळ, फुलापासून शेंग धरेपर्यंतचा, दाणा भरायला लागणारा, एका दाण्याचं वजन, असे ते असतात. हे आकडे शेतातूनच आणावे लागतात. ठरावीक दिवसांनी काही झाडं उपटायची, माती झाडायची. नुकत्याच जमिनीत शिरलेल्या आऱ्या (फुलानंतर खाली उतरणारे, टोकाला शेंग धरणारे देठ), पाणचट कोवळ्या शेंगा आणि दाणा भरलेल्या शेंगा वेगवेगळ्या करायच्या. मग पानं, खोड, शेंगा ओव्हनमध्ये कडक वाळवून एकेकाचं वजन घ्यायचं. या साऱ्या पद्धतीत मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. ते उरकून टाकलं, तर पुढे संगणकावर काढलेली सगळी सालं फोल.

थायलंडमधल्या खोन केन विद्यापीठातल्या संशोधकांनी भुईमुगाच्या पैदास वंशांसाठी हे करून पाहिलं. कोणता वंश बदलत्या हवामानात टिकून उत्पादन देतो, याचा मॉडेलचा अंदाज त्यांनी प्रत्यक्ष चाचण्यांशी ताडून पाहिला. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत तर अजून अस्तित्वातच नसलेले वाण मॉडेलमध्ये घडवून, त्यांना दुष्काळ आणि उष्णता सोसवते का, हे तपासलं गेलं.

आपल्याकडे उन्हाळी भुईमुगासाठी हे फार उपयोगाचं आहे. जानेवारीत निफाडकडे थंडी इतकी असते, की पेरलेलं लवकर उगवत नाही. पेरणी लांबवली, तर फुलं आणि आऱ्या एप्रिल-मेच्या उन्हात सापडतात. एकच वंश १५ जानेवारी, १ फेब्रुवारी आणि १५ फेब्रुवारीला, मागच्या ३० वर्षांच्या हवामानात पेरून बघितला, तर ९० हंगाम होतात. संगणकाला त्यासाठी फारसा वेळ लागत नाही. निकाल पाहताना मी सरासरीपेक्षा सर्वांत वाईट पाच सालांकडे आधी बघेन, कारण शेतकरी कर्जात जातो तो त्या सालांत.

मॉडेलला दिसत नाही असंही पुष्कळ आहे. टिक्का, तांबेरा या रोगांचं किंवा हुमणी या किडीचं नुकसान आपण सांगितलं तरच ते धरतं. शेंगा पोचट राहू नयेत म्हणून टाकलेलं जिप्सम त्याच्या हिशेबात नाही. उपट्या, म्हणजे न पसरता उभ्या वाढणाऱ्या वाणांच्या दाण्याला बहुधा सुप्तावस्था, म्हणजे काही काळ न उगवता राहण्याचा गुण, नसते. काढणी लांबली आणि जूनचा पाऊस आला, की शेंगेतच मोड फुटतात. तेही त्याला कळत नाही. म्हणून मॉडेलने वर काढलेले वंश मालेगाव-नांदगावच्या शेतात लावावेच लागतात. पण मुरमाड माळावर कोणता वंश लावून बघायचा आणि कालव्याखालच्या काळ्या रानात कोणता, हे तोवर पैदासकाराला बऱ्यापैकी ठाऊक झालेलं असतं.