वाड्याचा खांब कुजतो कुठे?

पुणे, वाई, सातारा भागातल्या पेशवाई धाटणीच्या वाड्याचा बराचसा भार सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतो. म्हणून असा वाडा पुन्हा राहता करायचा तर रंगरंगोटीच्या आधी खांबाच्या पायथ्याशी बसावं.

खांब दगडी तळखड्यावर उभा केलेला असतो, जमिनीतली ओल लाकडात चढू नये म्हणून. पुढे कधीतरी नवी फरशी बसते, जमीन चार बोटं वर येते, तळखडा सिमेंटखाली गाडला जातो. वरचं कोरीवकाम शाबूत दिसतं, पण खाली पटाशी टेकवली की भुसा निघतो.

लाकूड नुसत्या वयाने कुजत नाही. कुजवते ती बुरशी, आणि तिला पाणी लागतं. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली राहिला तर तिला सहसा वाढता येत नाही. ३० टक्क्यांच्या पुढे ती फोफावते. सागाच्या गाभ्यातली टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं वाळवीलाही दूर ठेवतात, मात्र बाहेरच्या फिकट रसकाष्ठाला हे संरक्षण नसतं. भिंतीला चुन्याचा गिलावा असेल तर ओल वाफ होऊन निघून जाते. सिमेंट ती कोंडून ठेवतं. मजबुतीच्या नावाखाली खांबाला सिमेंट थापणं हा जुन्या घरावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

पायथा कुजला म्हणून अख्खा खांब बदलायची गरज क्वचितच पडते. छताला टेकू देऊन कुजका भाग तेवढा कापायचा आणि जुन्या, वाळलेल्या सागाचा तुकडा सांध्याने जोडायचा. ओलं लाकूड वापरलं तर ते वाळताना वार्षिक वलयांच्या दिशेने जास्त आकसतं, त्रिज्येच्या दिशेने जवळपास निम्मंच, आणि सांधा उघडतो.

न्हाणीघर शक्यतो मागच्या अंगाला, जोत्यावर घ्यावं. माजघरावरच्या तुळयांवर नको. नळ भिंतीत न गाडता उघडे ठेवले तर गळती लगेच दिसते.

राहिली आग. जाड तुळई मिनिटाला अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या आसपास जळते आणि वरचा कोळशाचा थर आतलं लाकूड काही काळ राखतो. तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या, पातळ फळ्यांना ती सवलत नाही. शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८च्या आगीत गेले. आज धोका जुन्या वायरिंगचा जास्त. ते पूर्ण उपसून नवं लोखंडी नळीतून, दिसेल असं न्यावं.