जिभेवर गोड लागलं, म्हणजे मास्क नापास

"तेरा पंचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा सत्ते..." काका थांबले. डोक्यावर पारदर्शक हूड, आत तोंडाला रबरी मास्क. हूडच्या आतूनच ते म्हणाले, "सिस्टर, गोड लागतंय."

महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या आरोग्य केंद्रातली ही गोष्ट. बाहेर पाऊस, आत आमची फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्याला नीट बसतो का याची चाचणी, चाललेली. हूडमध्ये मी सॅकरिनचा बारीक फवारा सोडत होते. मास्कची फिल्टर हा फवारा अडवते. तरीही जिभेला गोडी लागली, तर हवा फिल्टरमधून न येता कडेच्या फटीतून आत शिरतेय. काका सहा वर्षं याच मापाचा मास्क लावून रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे रसायनांच्या टाकीत, पावडर टाकत होते. मधल्या काळात त्यांच्या खालच्या दोन दाढा काढल्या होत्या आणि गाल आत गेला होता. चेहरा बदलला, मास्क तोच राहिला.

मी सोळा वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांची परिचारिका आहे. नर्सिंग शिकताना मास्क शिकवला होता तो शस्त्रक्रियेचा. आपल्या तोंडातले थेंब रुग्णाच्या जखमेवर पडू नयेत, एवढंच त्याचं काम. त्याच्या कडा सैल असल्या तरी फारसं बिघडत नाही. कारखान्यातल्या मास्कचं काम नेमकं उलटं: बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही. हा फरक मला नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळला, आणि तोवर मी किती जणांना नुसती सही घेऊन मास्क वाटले असतील, याची आजही टोचणी आहे.

फिल्टरचं विज्ञान मोठं सुंदर आहे. एन-९५ म्हणजे साधारण ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान ९५ टक्के कण अडवणारी फिल्टर. मग त्याहून बारीक कण सहज निसटत असतील, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. मोठे कण जड असल्यामुळे हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि धाग्यांवर आदळतात. अगदी बारीक कणांना हवेचे रेणू सतत ढकलत असतात, त्यामुळे ते वेडेवाकडे भरकटतात आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतातच. सर्वांत अवघड असतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. त्यांच्यासाठी धाग्यांवर कायमचा विद्युतभार दिलेला असतो. कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात, तसे ते खेचले जातात. म्हणूनच असा मास्क साबणाने किंवा स्पिरिटने धुतला की तो भार जातो. दोरीवर वाळत घातलेला मास्क दिसायला स्वच्छ असतो, पण कामातून गेलेला असतो. आमच्या कँटीनच्या मागे असे मास्क मी ओळीने टांगलेले पाहिले आहेत. कामगारांनी ते काटकसर आणि स्वच्छता म्हणून धुतले होते. धुवायचे नाहीत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पण फिल्टर कितीही चांगली असली, तरी कडेला फट असेल तर उपयोग नाही. श्वास आत घेताना मास्कमधला दाब किंचित उतरतो. मग हवा जिथे अडथळा कमी तिथून घुसते, आणि फिल्टरच्या दाट जाळीपेक्षा फट केव्हाही सोपी. फट पडायला दाढीचे एका दिवसाचे खुंटही पुरतात. म्हणून फिट टेस्टमध्ये माणसाला नुसतं बसवून ठेवत नाहीत. साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, बोलणं, वाकणं, पुन्हा साधा श्वास, प्रत्येक एक मिनिट. बोलताना जबडा हलतो आणि कमकुवत कड तिथेच उघडी पडते. काकांना मी पाढे म्हणायला लावले ते त्यासाठी. सुरुवातीला मास्कशिवाय सौम्य फवारा देऊन चव कळते ना, हेही पाहायचं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही, विडी नाही, तंबाखू नाही. तंबाखूने बधिरलेल्या जिभेवर मास्क खोटाच पास होतो.

आणखी एक हिशेब मी प्रत्येक तुकडीला फळ्यावर मांडून दाखवते. नीट बसणाऱ्या अर्ध्या चेहऱ्याच्या (फक्त नाक-तोंड झाकणाऱ्या) मास्कने आतली धूळ बाहेरच्या एक दशांश होते, असं धरतात. म्हणजे बाहेर १०० तर आत १०. आता आठ तासांच्या शिफ्टमध्ये उकाड्याने, घामाने कामगाराने तो ४८ मिनिटं गळ्यात लटकवला. तर दिवसाची सरासरी १० वरून १९ वर जाते, जवळपास दुप्पट. पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला ५० पट संरक्षण धरतात. तोही तेवढाच वेळ काढला, तर प्रत्यक्षात साडेआठ पटच उरतं. आपल्याकडच्या दमट हवेत मास्क खाली ओढणाऱ्या माणसाला बेफिकीर म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. पंखा, सावली आणि मास्क काढून बसायला स्वच्छ हवेची जागा द्या, मग बोला.

वायूंचा प्रकार वेगळाच. तिथे मास्कला लावायच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, सक्रिय कोळसा असतो. एका ग्रॅम कोळशातल्या छिद्रांचं पृष्ठफळ हजार चौरस मीटरपर्यंत जातं आणि थिनरची वाफ त्याला चिकटते. पण पाकीट फोडून कपाटात उघडं ठेवलेलं कार्ट्रिज तिथेच बसून हवेतली वाफ आणि ओल शोषत राहतं. रंगांचाही घोळ आहे: सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज युरोपीय पद्धतीत तपकिरी, अमेरिकी पद्धतीत काळं. रंगावर विसंबू नका, लेबल वाचा.

आणि जीवाशी येणारी चूक म्हणजे फिल्टरचा मास्क लावून टाकीत उतरणं. फिल्टर हवा गाळते, ऑक्सिजन तयार करत नाही. साध्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की असा मास्क चालत नाही, बाहेरून हवा पुरवणारं उपकरणच लागतं.

हे सगळं परिचारिकेला कोण शिकवतं? भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक पदार्थांशी काम करणाऱ्याची कामावर घेण्याआधी आणि नंतर निदान वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी बंधनकारक झाली. स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुफ्फुसांची तपासणी), रक्तदाब, नोंदी हे आम्ही करतो. पण त्याच टेबलावर मास्कचं माप घेणं, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्याला श्वास ओढायचा हा जादा भार झेपेल का हे पाहणं, हे क्वचितच कुणी शिकवतं. अमेरिकेतही ही उणीव होती. २०११ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने कारखान्यांतल्या परिचारिकांच्या नेमक्या याच प्रशिक्षणावर अहवाल काढला. माझा अनुभव असा की स्लाइड पाहून हे येत नाही. मी नव्या मुलींना आधी स्वतः हूडमध्ये बसवते आणि मुद्दाम नाकावरची पट्टी सैल ठेवते. एकदा स्वतःच्या जिभेला गोडी लागली की त्या फट शोधायला लागतात.

काकांना आम्ही एक माप लहान मास्क दिला. गालाजवळची कड बोटाने दाबून पाहिली, हात ठेवून सील तपासलं, तोंड धुऊन झाल्यावर पुन्हा हूड. या वेळी तेरा दाहे एकशे तीसपर्यंत पाढा गेला.

"काही लागलं?"

"काहीच नाही."

मी कार्डावर माप आणि तारीख लिहिली. काका उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. "आमच्या हेल्परला पण बसवा ना सिस्टर. तो ठेकेदाराकडचा आहे, त्याचं कार्डच नाहीये."

त्याचं कार्ड त्याच दुपारी केलं.