‘घातलीय ना?’ : दुसरी सही आणि स्वतंत्र तपासणी

देवस्थान समितीच्या चेकवर अध्यक्षांची सही असते आणि शेजारी खजिनदाराची. दुसरी सही म्हणजे काय, हे गोव्यात कुणाला शिकवायला नको. सही करणारा प्रत्येक वेळी नोटा मोजत बसत नाही, ‘मला मान्य आहे’ एवढंच सांगतो. समितीचा कारभार त्यावर चालतो. हीच सवय विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये आली की घोळ सुरू होतो. मोप विमानतळावरून जानेवारी 2023 पासून विमानं उडायला लागल्यावर विमानदुरुस्तीच्या माझ्या वर्गात पेडण्याकडची पोरंही दिसू लागली. पहिल्याच आठवड्यात मी विचारतो, इंडिपेन्डंट इन्स्पेक्शन म्हणजे काय? उत्तर ठरलेलं: ‘सर, दुसऱ्याने सही करायची.’ वास्कोची पोरंही हेच सांगायची. ऐकून ऐकून वीट आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी किरकोळ गोंधळ बाजूला सारू. इन्स्पेक्शन म्हणजे पाहणं, टेस्ट म्हणजे चालवून पाहणं, ऑडिट म्हणजे कामाची पद्धत तपासणं. ऑपरेशनल चेकमध्ये यंत्र चालतं की नाही एवढं कळतं, फंक्शनल चेकमध्ये ते ठरलेल्या मापात चालतं का हे मोजावं लागतं. संपलं. यावर कुणी तासभर बोलत असेल तर खुशाल चहा प्यायला जा.

आता मुद्द्याचं. विमानात काही कामं अशी असतात की तिथली एक चूक थेट जिवावर येते: कंट्रोल केबली, एलिव्हेटर (शेपटीवरची, विमानाचं नाक वर-खाली करणारी फळी), इंजिनं. अशा कामानंतर काम न केलेल्या दुसऱ्या पात्र माणसाने ते तपासायचं असतं. जुने लोक याला ‘डुप्लिकेट’ म्हणतात, आणि माझ्या मते अर्धा घोळ या शब्दानेच केलाय. आपल्याकडे डुप्लिकेट म्हणजे नक्कल. डुप्लिकेट चावी मूळ चावीवरूनच घासून काढतात. मूळ चुकली असेल तर तीही तितकीच चुकणार. तपासणी नेमकी तशी व्हायला नको. दुसऱ्या सहीत संमती असते, स्वतंत्र तपासणीत साक्ष असते. पंचनाम्यावरच्या पंचाने जे स्वतः पाहिलं तेच सांगायचं असतं, हवालदाराने पाहिलेलं नाही. बरेच पंच काय करतात ते सोडा.

माझीच गोष्ट सांगतो. कुठल्या हँगरमधली ते विचारू नका. श्रावणातली रात्र, बाहेर पाऊस, त्यात वास्कोचा सप्ताह. निम्मी शिफ्ट दामोदराच्या भजनाला जायला टपलेली. शेपटीजवळच्या एका जोडावर बोल्ट, त्यावर खाचांचा नट, नटातून आरपार स्प्लिट पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून घालायची आणि पाय वळवायची दोन पायांची पिन. मी शिडीच्या खालच्या पायरीवर. वरून सहकाऱ्याने हाक मारली, ‘पात्रांव, स्प्लिट पिन घातलीय ना, दिसतेय ना? मार सही.’ मी मान वर केली, पिनचं डोकं चमकलं, मी म्हटलं ‘दिसतेय’ आणि सही मारली. सकाळच्या शिफ्टमधल्या एका मुलीने वरचं झाकण, म्हणजे पॅनल, लावायच्या आधी टॉर्च आत घातला. पिन होती. तिचे पाय वळवलेले नव्हते. विमानाच्या थरथरीत दोन दिवसांत ती गळून पडली असती.

यात खोटं कोण बोललं? कुणीच नाही. पिन घातली होती का? घातली होती. मला दिसली का? दिसली. प्रश्नच असा होता की त्याचं खरं उत्तर देऊनही चूक तशीच राहिली.

दोष त्या ‘ना’चा. मराठीत ‘ना’ लावून विचारलं की उत्तर आधीच हातात दिलेलं असतं. घरी हुमण, म्हणजे माशाची आमटी, शिजतं तेव्हा बघा. ‘मीठ बरोबर आहे ना गो?’ असं विचारलं की चाखणारी ‘हो’ म्हणून मोकळी होते. त्याऐवजी काही न बोलता वाटी पुढे करा; मग कळतं की मीठ ठीक आहे, पण आंबट कमी पडलंय. विचारणाऱ्याच्या डोक्यात मीठ होतं, म्हणून आंबटाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. हँगरमध्ये हेच होतं. काम करणाऱ्याला ज्या गोष्टीची काळजी वाटते तीच तो दाखवतो, आणि ज्याची काळजी वाटते ते त्याने बहुधा नीट केलेलं असतं. चूक दडते ती त्याच्या ध्यानीमनी नसलेल्या जागी. म्हणून माझ्याकडे नियम आहे: तपासायला आलेल्याशी काम करणाऱ्याने बोलायचं नाही. शिडीवरून उतरायचं आणि बाजूला व्हायचं. तपासणाऱ्याने मॅन्युअलचं पान स्वतः उघडायचं आणि जे दिसतं ते मोठ्याने सांगायचं: ‘नट आहे, पिन आहे, एक पाय वळलेला, दुसरा सरळ.’

कामात आधीपासून गुंतलेला माणूस दुसरा डोळा होऊ शकत नाही, हेही लोकांना पटत नाही. 8 जानेवारी 2003 रोजी अमेरिकेत शार्लटहून निघालेलं एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट 1900डी हे छोटं प्रवासी विमान उड्डाण करताच कोसळलं, 21 जण गेले. दोन दिवसांपूर्वी त्याच्या एलिव्हेटर केबलींचं काम झालं होतं. ज्या मेकॅनिकने ते केलं त्याची या विमानावर असलं काम करायची ही पहिलीच वेळ. त्याला शिकवत जवळ उभा होता तोच त्या कामाचा क्वालिटी इन्स्पेक्टर. मॅन्युअलमधले काही टप्पे वगळू असं दोघांचं तिथल्या तिथे ठरलं. केबली चुकीच्या जुळल्या आणि नाक खाली दाबायला एलिव्हेटरची निम्मीच हालचाल उरली. नंतरची नऊ उड्डाणं निभावली. दहाव्याला विमान जास्त भरलेलं होतं आणि भार मागच्या बाजूला गेलेला होता, तेव्हा ती उरलेली हालचाल पुरली नाही. कागदावर तपासणी झालेली होती. पण टप्पे वगळायला ज्याने ‘हो’ म्हटलं, त्याला वगळलेले टप्पे कसे दिसणार? गुरू-शिष्याची जोडी कितीही चांगली असो, त्या कामापुरती ती एकच व्यक्ती धरावी.

मॅन्युअलच्या पुस्तकाचा आग्रह मी उगाच धरत नाही. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या उड्डाण 5390 ची कॉकपिटची काच आकाशात उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. केबिन क्रूने त्याला धरून ठेवलं म्हणून तो वाचला. काच 27 तासांपूर्वीच बदलली होती. 90 पैकी 84 बोल्ट जाडीला बारीक होते, उरलेले सहा लांबीला आखूड. शिफ्टच्या प्रमुखाने काढलेला जुना बोल्ट हातात धरून नजरेने जोडीचा शोधला होता. गंमत म्हणजे ते जुने बोल्टही मुळात योग्य मापाचे नव्हते. काचेचं काम दुबार तपासणीच्या यादीत नव्हतं, त्यामुळे दुसरं कुणी पाहिलंच नाही. पण समजा पाहिलं असतं आणि त्यानेही जुन्या बोल्टशीच ताडून बघितलं असतं, तर काय सापडलं असतं?

टेस्टमध्येही तोच ‘ना’ लपून बसतो. मार्च 2001 मध्ये फ्रँकफर्टहून निघालेल्या लुफ्तान्झाच्या ए320 मध्ये कॅप्टनच्या साइडस्टिकच्या (विमान वळवायच्या दांड्याच्या) तारांची देखभालीत अदलाबदल झाली होती. डावा पंख खाली गेला, कॅप्टनने स्टिक उजवीकडे नेली, तर पंख आणखीच खाली. फर्स्ट ऑफिसरच्या बाजूची स्टिक बरोबर होती. त्याने ताबा घेतला म्हणून सगळे वाचले. उड्डाणाआधी कंट्रोल हलवून बघितले होते. हलतात ना? हलतात. कुठल्या दिशेला, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये मोठ्या देखभालीनंतर पोर्तुगालहून निघालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्राएर 190 मध्ये एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, पंखांवरच्या फळ्यांच्या) केबलीच उलट्या जोडलेल्या होत्या. वैमानिकांनी झुंजत झुंजत ते पोर्तुगालमध्येच बेजाला उतरवलं. आमच्याकडे कंट्रोल टेस्टला एक माणूस बाहेर उभा करतात. तो ‘ओके’ म्हणाला तर मी त्याला परत पाठवतो. ‘उजव्या पंखावरचं वर गेलं, डावीकडचं खाली’ असं ओरडायचं, आणि कॉकपिटातल्याने आपण काय हलवलंय ते आधी सांगायचं नाही.

‘आम्ही ट्रिपल चेक करतो’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटले की माझं डोकं उठतं. तिसरा माणूस पहिल्या दोन सह्या बघूनच निर्धास्त होतो. सीनियरपणाचंही तसंच. आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाच्या कामात खोट काढणं म्हणजे उद्धटपणा, त्यात तो गावचा असला तर विचारूच नका. म्हणून सीनियरचं काम मी मुद्दाम ज्युनियरला तपासायला देतो आणि सीनियरला सांगतो, ‘बाब, तुम्ही तोवर कँटीनला जाऊन या.’ काहींना राग येतो. येऊ दे.

आणखी एक गोष्ट पोरं कायम विसरतात. तपासणी झाल्यावर, पॅनल लागायच्या आधी, कुणी त्या जोडाला परत हात लावला, नट पाव फेरा जरी फिरवला, तरी ती तपासणी बाद. सही खोडायची, दुसऱ्याला पुन्हा बोलवायचं आणि पान परत पहिल्या ओळीपासून. हे सांगितलं की चेहरे पडतात, विशेषतः शिफ्ट सुटायला वीस मिनिटं उरलेली असताना.