लव्हाळा म्हणजे 'जाड हरळी' नव्हे

दर पावसाळ्यात एकच प्रश्न: "लॉनमध्ये जाड हरळी घुसलीय, उपटली की दुप्पट येते, सेंद्रिय औषध सांगा." फोटो पाहावा तर बहुतेक वेळा तो लव्हाळा, म्हणजे गाठींतून वाढणारं वेगळंच तण असतं. नाव चुकलं की उपायही चुकतो, आणि वर सेंद्रिय उपाय कुचकामी असल्याचा बोभाटा होतो.

हरळीबद्दल लांबण लावत नाही. गणपतीला दूर्वा वाहणाऱ्याला ती ओळखून द्यायला नको. जमिनीवर धावते, पेरापेराला मूळ धरते, कितीही खाली कापली तरी सोसते. मेक्सिकन गवताच्या लॉनमध्ये ती तण, स्वतःच्या लॉनमध्ये मालकीण.

दिसण्यातला फरक दोन मिनिटांचा आहे. लव्हाळ्याच्या तुऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवा, तीन धारा बोटाला लागतात. तुरा आला नसेल तर रोप वरून पाहा: पानं तीन दिशांना फुटलेली, चकचकीत. हरळीची पानं दोन्ही बाजूंना, समोरासमोरच्या दोन ओळींत. तेही जमत नसेल तर लॉन कापून तीन दिवस थांबा. सगळ्यांच्या वर डोकं काढून उभा असतो तो लव्हाळा.

खरी गोम मातीखाली आहे. हरळीचं पेर असलेला तुकडा मागे राहिला तर त्यातून रोप होतं. लव्हाळ्याचं पान तुटून पडलं तर काहीच होत नाही, कारण त्याचा सगळा जीव गाठींत. (उटण्यातला सुगंधी नागरमोथा म्हणजे अशाच गाठी.) तारेसारख्या बारीक खोडावर त्या माळेतल्या मण्यांसारख्या ओवलेल्या असतात, बहुतेक वरच्या १५ सेंमी मातीत, काही ३० सेंमीपर्यंत खोल. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते आणि त्या झोपून राहतात. तुम्ही वरून हिसका दिलात की हातात पांढरट बुडखा येतो, माळ तुटते आणि झोपलेल्या गाठी एकेक करून फुटतात. 'उपटलं की दुप्पट' होतं ते यामुळे. रोटाव्हेटर फिरवणाऱ्यांनी तर अख्खी माळ प्लॉटभर पेरलेली असते.

मग उपटायचंच नाही का? उपटायचं, पण वेळ साधून. रोपाला पाच-सहा पानं येण्याआधी ते काढलं तर नव्या गाठी धरलेल्या नसतात आणि फुटवा काढण्यात जुन्या गाठीची शिदोरी खर्च झालेली असते. वाढीच्या दिवसांत दर दोन-तीन आठवड्यांनी, न चुकता. एक गाठ दहा-बारा वेळा फुटू शकते, त्यामुळे पहिल्या महिन्यात फरक दिसणार नाही. चार वेळा काढून पाचव्यांदा सुट्टी घेतलीत की गाठीनं पुन्हा भरणा केलाच म्हणून समजा. रोपं थोडी असतील तर आदल्या दिवशी पाणी द्या, रोपाभोवती वीतभर जागा सोडून २५ ते ३० सेंमी खोल कुदळ घाला आणि मातीच्या ढेकळासकट माळ उचला. खुरप्यानं वरवर खरवडणं म्हणजे नुसती हजामत.

आता घरगुती तणनाशक म्हणून फवारलं जातं ते मीठ, व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचं मिश्रण. कृपा करून बंद करा. घरगुती व्हिनेगरनं लव्हाळ्याची पानं करपतात, गाठीला त्याचा पत्ताही नसतो. शेजारचं लॉन मात्र जळतं आणि मिठानं माती बिघडते ती वेगळीच. निंबोळी पेंडही तणनाशक नव्हे. ती टाकून लव्हाळा मरायची वाट पाहणं म्हणजे त्याला खत घालणं.

काळा मल्चिंग पेपर (तण दाबायला मातीवर अंथरायचं पातळ प्लास्टिक) अंथरायचा विचार असेल तर लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं आणि तो कागद भोसकून वर येतं, हे लक्षात घ्या. पारदर्शक कागदाखाली उजेड मिळाल्यानं पान आतच उलगडतं आणि अडकतं, पण खोलवरच्या गाठींपर्यंत पुरेशी उष्णता पोचत नाही. लॉन नव्यानंच करायचं असेल तर एप्रिल-मेचं ऊन वापरा: २०-२५ सेंमी खणा, पाणी पूर्ण तोडा, दर तीन-चार दिवसांनी माती उलटीपालटी करा. उघड्यावर आलेली गाठ सुकून मरते, सावलीत ओलसर राहिलेली मरत नाही. या काळात एखादा अवकाळी पाऊस झाला तर सुकवणं पुन्हा पहिल्यापासून.

उभ्या लॉनमध्ये दाट गवताची सावली हा त्याचा खरा शत्रू, कारण सावली त्याला सोसत नाही. म्हणून टक्कल पडलेल्या जागा आधी भरा, गवत फार खाली कापू नका आणि रोज शिंपडण्याऐवजी थांबून थांबून खोल पाणी द्या. सतत ओल राहणाऱ्या कोपऱ्यात लव्हाळा आधी येतो. तिथं निचरा सुधारल्याशिवाय बाकी मेहनत वाया.

काढलेली पानं खुशाल कंपोस्टमध्ये टाका. गाठी टाकू नका; त्या फरशीवर कडक उन्हात पसरा आणि दाबल्यावर आतून कोरड्या, ठिसूळ लागेपर्यंत तिथंच राहू द्या. आणि लॉनच्या लाद्या (मातीसकट कापलेले गवताचे तुकडे) किंवा लाल माती विकत घेताना एक लादी फोडून, मूठभर माती चाळून बघा. काळपट तपकिरी, हरभऱ्याएवढी गाठ दिसली तर गाडी उतरवूच देऊ नका.