क्लिंकर आणि कार्व्हेल: फळीवर फळी की फळीला फळी

शिडाच्या लहान लाकडी होडीच्या अंगावरून हात फिरवा. बोटांना पायऱ्या लागल्या तर ती क्लिंकर. वरची फळी खालच्या फळीच्या काठावर बाहेरून चढलेली असते. कार्व्हेलमध्ये फळ्या कडेला कड लावून बसवतात, म्हणून अंग गुळगुळीत लागतं. उत्तर युरोपात पहिली पद्धत रुजली, भूमध्य समुद्राकाठी दुसरी. नॉर्डिक देशांची क्लिंकर परंपरा 2021 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

दिसण्यापेक्षा मोठा फरक बांधणीच्या क्रमात आहे. क्लिंकरमध्ये आधी कवच तयार होतं, बरगड्या नंतर. कणा (तळाचं लांब मधलं लाकूड) आणि नाळ (पुढच्या टोकाचं उभं लाकूड) उभी करून मध्ये तात्पुरते साचे लावायचे आणि कण्यालगतच्या फळीपासून वर चढत जायचं. चारेक मीटरच्या होडीला 8 ते 10 मिमी जाडीची फळी पुरते आणि एक फळी दुसरीवर साधारण 20 मिमी चढते. तेवढ्या पट्टीत खालच्या फळीच्या बाहेरच्या अंगाला रंध्याने उतार द्यायचा. इथेच बहुतेक चुका होतात. उतार लांबीभर एकसारखा नसतो. पोटाच्या वळणावर तो जास्त लागतो, म्हणून प्रत्येक साच्याशी वेगळा तपासावा. फळी फक्त काठावर टेकली तर खिळा आवळताना ती चिरते. नाळेजवळ मात्र दोन्ही फळ्या हळूहळू खाचून एका पातळीत आणायच्या.

जोडाला तांब्याचे चौकोनी खिळे, साधारण 60 ते 75 मिमी अंतराने. आधी भोक पाडायचं, खिळा बाहेरून घालायचा, आतून तांब्याची चकती बसवायची आणि उरलेलं टोक कापून हलक्या ठोक्यांनी पसरवायचं. त्या वेळी बाहेरून खिळ्याच्या डोक्याला जड लोखंड टेकवलेलं हवं. जोरात ठोकलं तर खिळा लाकडाच्या आतच वाकतो आणि जोड सैल राहतो. बरगड्या वाफवून बसवतात. 25 मिमी जाडीला सुमारे तासभर वाफ, आणि बाहेर काढल्यावर काही सेकंदांतच वाकवायच्या. भट्टीत वाळवलेलं ओक इथे हमखास मोडतं.

कार्व्हेलमध्ये उलट: आधी सांगाडा, मग फळ्या. फळीच्या कडा आतल्या बाजूला घट्ट भिडतात, बाहेर व्हीसारखी फट उरते. तिच्यात कापसाची वात ठोकून, रंग पाजून, वर पुट्टी भरतात. फळी 12 मिमीपेक्षा पातळ असेल तर ही वात धरत नाही. म्हणून अगदी लहान, हलक्या होडीसाठी क्लिंकरच बरी. दुरुस्तीत मात्र कार्व्हेल सोपी, कारण तिची एक फळी सुटी काढता येते. क्लिंकरची मधली फळी दोन शेजारणींमध्ये अडकलेली असते.

सगळ्यात महागात पडते ती एकीची दुरुस्ती दुसरीवर करणं. क्लिंकर पाणी तिच्या जोडाच्या दाबाने अडवते. गळते म्हणून त्या जोडात वात किंवा कडक पुट्टी कोंबली, तर लाकूड फुगल्यावर ती पाचरीसारखी काम करते, फळ्या दूर लोटते आणि खिळे ओढून काढते. तिथे सैल खिळे पुन्हा आवळावेत, नाहीतर बदलावेत. कार्व्हेलमध्येही सुकलेल्या होडीच्या रुंदावलेल्या फटी ठासून भरल्या, तर फुगणाऱ्या फळ्या बरगड्यांवरून उचलल्या जातात. दोन्ही होड्या आधी दोन-तीन दिवस पाण्यात फुगू द्याव्यात. त्यानंतरही जिथून पाणी येतं, तेवढीच जागा हाताळावी.