भुताला दचकवणारी बाई

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात वेव्हर्ली हिल्स नावाचं क्षयरोग्यांचं एक जुनं रुग्णालय आहे. रोगी केव्हाच गेले, इमारत उरली. हॅलोविनच्या दिवसांत तिथे भुतांचा वाडा भरायचा. काळोखे बोळ, कुठून तरी येणाऱ्या किंकाळ्या आणि सोंगं घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात दबा धरून बसलेली माणसं. लोक पैसे मोजून घाबरायला जात. एका वर्षी त्या गर्दीत चाळिशी ओलांडलेली एक बाई होती. सोबतीला सगळे अनोळखी, तरी ‘या, माझ्या मागून या’ म्हणत हीच सगळ्यांच्या पुढे. भूत अंगावर धावून आलं की ती हसायची, त्याच्याशी बोलायला जायची. एका भुताच्या तर तिनं डोक्यातच बोट टोचून पाहिलं. हाताला कसं लागतं, एवढंच तिला बघायचं होतं. दचकलं ते भूत.

मेंदूविज्ञानात ही बाई ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिला उर्बाख-वीथ हा अतिशय दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आत असलेला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग चुना साठून निकामी झाला. बाकी मेंदू शाबूत, बुद्धी शाबूत. आनंद, राग, किळस, दुःख सगळं जिथल्या तिथे. फक्त भीती गायब. 2011 साली तिच्यावरचा जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला त्यात या भुतांच्या वाड्याची हकिगत आहे आणि सापांच्या दुकानाचीही. साप अजिबात आवडत नाहीत असं ती आयुष्यभर सांगत आली होती. प्रत्यक्ष दुकानात मात्र तिनं एक साप तीन मिनिटांहून जास्त वेळ हातात खेळवला आणि मोठ्या, चावणाऱ्या सापांना हात लावू का म्हणून दुकानदाराला पुन्हा पुन्हा भंडावून सोडलं.

मग तिला भयपटांतले प्रसंग दाखवले. तिला भीती वाटली नाही, हे ओघानंच आलं. पण कंटाळाही आला नाही! प्रसंग भारी आहेत म्हणाली, आणि एका चित्रपटाचं नाव विचारून घेतलं. का, तर संध्याकाळी कॅसेटच्या दुकानातून तो भाड्यानं आणून पुरा बघता यावा म्हणून.

मला त्या सगळ्या निबंधात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. भयपट आपण बघतो ते घाबरण्यातल्या थरारासाठी, असं सरसकट सांगितलं जातं. इथे भीती पूर्ण वजा केली, तरी बाकी काहीतरी उरलंच. म्हणजे भीती वेगळी आणि भीतिदायक गोष्टीकडे वळून वळून बघायची ओढ वेगळी. एकाच बाईवरून नियम काढू नये हे खरं. पण ही ओढ स्वतंत्र आहे असं धरून हॅलोविनकडे पाहिलं, तर त्या सणाच्या बऱ्याच गाठी सुटतात.

हॅलोविनच्या ‘काळ्याकुट्ट’ उगमाची गोष्ट दर ऑक्टोबरात फिरते. युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांचा साउइन नावाचा मृत्युदेव होता, 31 ऑक्टोबरच्या रात्री ड्रुइड पुरोहित त्याला नरबळी देत, आणि त्या रक्ताळलेल्या रात्रीचं आजचं गोड रूप म्हणजे हॅलोविन. ऐकायला झकास. पण साउइन नावाचा मृत्युदेव नव्हताच. साउइन हे उन्हाळा संपून हिवाळा लागतानाच्या सणाचं नाव. आयरिश भाषेत आजही नोव्हेंबर महिन्याला तेच नाव आहे. या सणाचा संबंध मृत्यूच्या देवाशी जोडला तो अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये नेमणुकीवर असलेल्या चार्ल्स व्हॅलेन्सी या ब्रिटिश लष्करी अभियंत्यानं. शब्दांच्या व्युत्पत्त्या लावण्याचा त्याला भारी नाद होता आणि त्या बहुतेक चुकायच्या. ही चूक मात्र टिकली, कारण ती भयंकर होती.

ड्रुइडांनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. आयर्लंडच्या जुन्या कथा लिहिल्या त्या पुढे कित्येक शतकांनी, ख्रिस्ती मठांतल्या लेखकांनी. त्यांत साउइन म्हणजे मुख्यतः राजाच्या दरबारी जमायचं, खायचं-प्यायचं, हेवेदावे बाजूला ठेवायचे. त्यात भुतंखेतं अगदीच नाहीत असं नाही. तारा या राजधानीवर दर साउइनला एक अमानवी वादक यायचा, गोड वाजवून सगळ्यांना झोपवायचा आणि मग तोंडातून आग ओकून राजवाडा जाळायचा. फिन नावाच्या तरुण वीरानं भाल्याचं टोक स्वतःच्या कपाळाला टेकवून झोप उडवली आणि त्याला मारलं. रॉसकॉमन परगण्यात रथक्रोगनजवळ एक अरुंद गुहा आहे. तिच्यातून साउइनला विध्वंसक प्राणी बाहेर पडत, असंही या कथा सांगतात. म्हणजे त्या काळीही शेकोटीभोवती बसून हेच चाललं होतं. आपला भयपट, फक्त पडदा नव्हता.

नरबळी कधी झालेच नाहीत, असं मात्र म्हणता येत नाही. 2003 साली आयर्लंडमधल्या ऑफली परगण्यात पीटच्या दलदलीत एका माणसाचं धड सापडलं. माणूस दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, पण हाताची नखं आणि त्वचेवरच्या रेषा कालच्यासारख्या. याचं कारण रसायनशास्त्रात आहे. पीटची दलदल स्फॅग्नम या शेवाळाची बनलेली असते. तिथलं पाणी थंड आणि आम्लधर्मी, प्राणवायू जवळजवळ नाही, म्हणून कुजवणारे जिवाणू तग धरत नाहीत. वर शेवाळातून निघणारी द्रव्यं कातडीवर तीच क्रिया करतात जी चामडं कमावताना होते. हाडं विरघळतात, कातडी टिकते. या माणसाच्या दंडांना भोकं पाडून त्यांतून डहाळ्यांचे पीळ ओवले होते. हा अपयशी ठरलेला, बळी दिलेला राजा असावा असं एक मत आहे. पण तो कोणत्या सणाला मारला गेला हे दलदल सांगत नाही. तो मेला कसा याचा पुरावा संग्रहालयात आहे. त्याचा 31 ऑक्टोबरशी संबंध मात्र आपण लावतो.

हॅलोविनमधले मृतात्मे बरेचसे चर्चच्या पंचांगातून आले, ही साधी गोष्ट रंगतदार नसल्यामुळे मागे पडते. 1 नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस. त्याची आदली संध्याकाळ म्हणजेच हॅलोविन, नावाचा अर्थच तो. 2 नोव्हेंबर सर्व मृतांचा, आणि तो रूढ केला फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचा अधिपती ओदिलो यानं, पहिलं सहस्रक संपता संपता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब दारोदार जात. घरच्या मृतांसाठी प्रार्थना करायची आणि बदल्यात एक छोटी गोड भाकरी घ्यायची. गोव्यात आणि वसईत 2 नोव्हेंबरला दफनभूमी फुलांनी, मेणबत्त्यांनी भरून जाते तो हाच दिवस. हॅलोविन आपल्याकडे कधी आला असं विचारणाऱ्यांनी तिथे एक चक्कर मारावी. त्या सणाचा निम्मा भाग इथे कित्येक पिढ्यांपासून आहे, फक्त भोपळ्याशिवाय.

हॅलोविनला चेहरा कोरून आत दिवा लावतात तो भोपळा अमेरिकेतला. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये कोरायचे ते सलगमचे कंद. मेयो परगण्यातल्या संग्रहालयात डोनेगॉलच्या अशा एका कोरलेल्या सलगमची ओतीव प्रतिकृती ठेवलीय. खोल गेलेले डोळे, विचकलेले दात, चेहरा सुरकुतलेला. त्याच्यापुढे आजचा हसरा नारिंगी भोपळा म्हणजे गणपती मंदिराबाहेरचा फुगा. सोंगं घेऊन, गाणं किंवा नक्कल करून सफरचंदं नि पैसे मिळवणारी स्कॉटिश पोरं आपल्या कोकणातल्या शिमग्याच्या सोंगांना आणि पोस्त मागणाऱ्या पोरांना लगेच ओळखतील. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाला कंटाळून लाखो आयरिश माणसं अमेरिकेला गेली. तिथे भोपळा मोठा, मऊ, कोरायला सोपा.

आता या ओढीच्या जोडीला खरी भीती कशी उभी करतात ते पाहू. भयपटाचं अर्धं काम कान करतात. डॅनियल ब्लमस्टाइन हा कॅलिफोर्नियातला प्राणिशास्त्रज्ञ मार्मोट नावाच्या, खारीच्या कुळातल्या जाडजूड प्राण्यांचा अभ्यास करतो. पकडलेलं पिल्लू किंचाळलं की आपल्या पोटात गोळा का येतो, हा प्रश्न त्याला पडला. स्वरतंतूंना पेलणार नाही इतक्या जोरानं हवा फेकली की आवाज फाटतो, स्वर एकदम उडी मारतो, त्यात खरखर मिसळते. असा आवाज खोटा काढणं अवघड, म्हणून पिल्लाच्या आईचे कान त्यालाच सर्वांत आधी टवकारतात. 2010 साली त्यानं आणि सहकाऱ्यांनी 102 चित्रपटांतले गाजलेले प्रसंग तपासले. भयपटांत असे फाटलेले, खरखरीत आवाज अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. संगीतकारांनी मार्मोट पाहिले नव्हते, पण 1960 सालच्या ‘सायको’मध्ये व्हायोलिनच्या तारा नेमक्या तशाच किंचाळतात.

आवाज कानात शिरतो आणि ‘हा सिनेमा आहे’ असं मेंदूचा विचारी भाग सांगेपर्यंत अमिग्डालानं गजर वाजवलेला असतो. ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला बारीकसा स्नायू आवळतो आणि अंगावर काटा येतो. आपल्या अंगावर लव उरलीय, म्हणून काट्याचा उपयोग शून्य. केसाळ पूर्वजांना त्यामुळे फुगून मोठं दिसता येत असे. ‘रक्त गोठलं’ हा वाक्प्रचारही नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी तपासून बघितला. 24 तरुण स्वयंसेवकांना एक भयपट आणि शॅम्पेनवरचा एक माहितीपट दाखवला, आधी-नंतर रक्त घेतलं. भयपटानंतर निम्म्याहून जास्त जणांच्या रक्तात गोठण्याला मदत करणारा ‘फॅक्टर आठ’ हा घटक वाढलेला होता. रक्त मात्र प्रत्यक्षात गोठलं नव्हतं, फक्त तयारीत होतं. जखम होण्याची शक्यता असेल तर ही तयारी शहाणपणाचीच.

मग यात मजा कुठून येते? डेन्मार्कमध्ये व्हायले गावात एका बंद पडलेल्या कारखान्यात भुतांचा वाडा भरतो. तिथे 110 प्रेक्षकांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे बांधून आत सोडलं. 2020 साली आलेला निष्कर्ष असा, की फार कमी घाबरलेले कंटाळले आणि फार घाबरलेलेही वैतागले. मधल्यांना सर्वांत जास्त मजा आली. मिरचीसारखंच हे, आणि ज्याचा त्याचा तिखटपणा वेगळा. 1993 सालच्या ‘झपाटलेला’तला बाहुला बघून माझ्या पिढीतली पोरं थिएटरात खदाखदा हसली आणि रात्री पांघरुणातून पाय बाहेर काढेनात. त्या मधल्या बिंदूच्या इतक्या जवळ क्वचितच कुणी पोचलं असेल.

ही मजा टिकते ती दोरी आपल्या हातात असल्यामुळे. दोरी सुटली असं वाटलं की तीच माणसं कशी वागतात, हे अमेरिकेत दर हॅलोविनला दिसतं. अनोळखी लोक, त्या दिवशी दारोदार खाऊ मागत फिरणाऱ्या पोरांच्या खाऊत विष किंवा ब्लेडची पाती घालतात, ही भीती तिथे इतकी मुरलीय की काही रुग्णालयांनी मिठाईचे एक्स-रे काढून द्यायची सोय केली होती. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी 1958 पासूनच्या बातम्या धुंडाळल्या. अनोळखी माणसानं वाटलेल्या विषारी खाऊनं मूल दगावल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडलं नाही. 1974 साली टेक्ससमध्ये एक आठ वर्षांचा मुलगा सायनाइडनं मेला, पण ते त्याच्या बापानंच, विम्याच्या पैशासाठी, त्याला दिलं होतं.

पुन्हा एस. एम.कडे. तिला भीती वाटतच नाही हे पक्कं झालंय असं सगळे धरून चालले होते. 2013 साली संशोधकांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाकातोंडावर मुखवटा लावून तिला एक श्वास घ्यायला सांगितला. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड 35 टक्के होता. साध्या हवेत तो 0.04 टक्के असतो. धोका काहीच नव्हता, पण रक्तात हा वायू वाढला की मेंदूच्या देठातल्या पेशींना तो थेट कळतो. डोळे-कान मध्ये येत नाहीत. साप, भुतं, किंकाळ्या ज्या दारानं आत शिरतात त्या दाराशी या वाटेचा संबंध नाही. काही सेकंदांत ती धापा टाकू लागली. उजवा हात मुखवट्याशी वेड्यासारखा हलत होता. मग ती ओरडली, ‘वाचवा!’ तोच आजार असलेल्या दोन जुळ्या बहिणींवरही हा प्रयोग केला. त्याही तशाच गांगरल्या. अमिग्डाला शाबूत असलेल्या बारा जणांपैकी मात्र तिघांचीच अशी गाळण उडाली.